बांधाखाली निजलेली

राखणदार देवाला द्यायच्या राखणीचा नारळ सकाळपासून ओटीवर सोलून ठेवलेला होता आणि बाळाजी काही केल्या ऐनाच्या झाडाखाली जागा झाडू देत नव्हता.

“विहिरीकडं द्या राखण,” तो म्हणाला. “दरवर्षी तिकडंच देतो आपण.”

“दरवर्षीची शेताची असते, बाबा. आजची माधवीसाठी आहे,” थोरला राजू म्हणाला. “भगताने ऐनाखालीच सांगितलीय. बांधाच्या टोकाला. कोंबडं आणलं, नारळ आणला, आता जागेवरून कशाला किरकिर?”

“भगताला काय म्हाईत माजा बांध?”

एवढं बोलून बाळाजीने कोयता उचलला आणि रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला तो शेताकडे चालू पडला. पाठमोरा बाळाजी या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. काही बोलायचं नसलं की तो असाच वळायचा, आणि त्याच्या पाठीला मग कुणीच काही विचारू शकत नसे.

त्याची बायको गोजरबाई खळ्यात वाल सोलत बसली होती. भात काढल्यावर जमिनीत जी ओल राहते तेवढ्यावर येणारा हा वाल. त्याला ना पाणी घालायचं, ना राखायचं. माती आपल्या उरातलं देते आणि तो येतो. सोलता सोलता तिच्या ओठांवर ओवी आली, तशी ती नेहमीच यायची, बोलावल्याशिवाय.

वालाच्या शेंगंत
दाणं टपोरं भरलं
माझ्या सुनंच्या ओटीत
सांग, काय गं सरलं?

“आई, माधवी यायच्या आत गाऊन घ्या हं,” समोर बसलेली थोरली सून तेजस्वी म्हणाली. “तिच्यासमोर नको.”

“का? मी काय वंगाळ गाते?”

“वंगाळ नाही, पण तिला आता गाणी नकोत. परवा फोनवर काय म्हणाली माहितीये? वहिनी, मला कोंबडं नको, मला कारण हवंय.”

“कारन काय बाजारात मिळतं?”

“लॅबमध्ये मिळतं म्हणे.” तेजस्वीने शेंग मोडली. “तुमच्या वेळी भगत रिपोर्ट द्यायचा, आता डॉक्टर देते. फी काय, दोघंही घेतात.”

गोजरबाई हसली, पण हसू पुरतं आलं नाही. धाकट्या सुनेचं हे तिसरं गेलेलं. पहिलं गेलं तेव्हा होतं असं म्हणून सगळ्यांनी समजूत घातली. दुसऱ्या वेळी दृष्ट काढली. या वेळी तीन महिने पुरे होत आले होते, माधवीच्या गालांवर तेज चढलं होतं, आणि एका सकाळी कात्रपच्या फ्लॅटमधून धाकट्या सुजितचा फोन आला. आवाज नव्हताच. नुसता श्वास.

अंबरनाथच्या हॉस्पिटलात त्या डॉक्टरीणबाईंनी, राजसी मॅडमनी, गोजरबाईला बाजूला घेऊन विचारलं होतं: आजी, तुमच्या घरात आधी कुणाचे असे गर्भ गेलेत का? सुजितच्या आईचे? म्हणजे तुमचेच?

“नाय,” गोजरबाईने सांगितलं होतं. “आमच्यात असलं काय नाय.”

सांगताना तिच्या तोंडावर एक हात येऊन बसला होता. तिच्या सासूचा, भागीरथीबाईचा, जाऊन कैक वर्षं झालेल्या बाईचा. राजूच्या आधी एक गेलं होतं, राजू आणि सुजितच्या मध्ये एक. दोन्ही वेळा सासूने तोंडावर असाच हात ठेवला होता. बोलायचं नाय. बोललीस की परत येतं. गोजरबाई बोलली नाही. इतकी बोलली नाही की कधी कधी तिलाच वाटे, आपल्याला दोनच झाली, राजू आणि सुजित.

*

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. खाली शिलाई मशिनांची घरघर, वर लॅब. माधवी सुजितच्या मागून कठड्याला धरून चढली. अंगात अजून जोर नव्हता. पण आज ती सुजितच्या एकट्याच्या भरवशावर राहणार नव्हती. ‘येईल गं रिपोर्ट, वेळ लागतो’ हे त्याचं वाक्य तिने पुरेसं ऐकलं होतं.

काउंटरवर धर्मेश होता. सुजित काम करतो ते इलेक्ट्रिकचं दुकान पुढच्याच गल्लीत, त्यामुळे दोघांची चहाची ओळख.

“सुजितभाई, मैं झूठ थोडी बोलूंगा,” त्याने कॉम्प्युटरचा पडदाच त्यांच्याकडे फिरवला. “वो पूरा हफ्ता देख लिया. भाभी के नाम से कुछ नहीं आया. तपासायची डबी आलीच नाय.”

“अरे, माझे बाबा स्वतः घेऊन आले होते. मी हॉस्पिटलमध्ये हिच्यापाशी होतो, म्हणून त्यांना पाठवलं.”

धर्मेशने आठवून बघितलं. “बुजुर्ग? टोपी, हातात रुमालात काहीतरी बांधलेलं? आये थे. दरवाजे तक आये थे. मैं बोला, चाचा, उधर ट्रे में रख दो. दुसऱ्या पेशंटकडे वळलो, परत बघतो तर चाचा गायब.”

“आता ती डबी मिळाली तर?” माधवीने विचारलं.

“नहीं, भाभी.” त्याने मान खाली घातली. “ते ताजंच लागतं.”

काउंटरच्या कडेला तो ट्रे होता. त्यात लघवीच्या बाटल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. माधवी त्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं: गर्भातच मुळात काही दोष होता का, की तुमच्या शरीराने तो धरला नाही, हे त्या एवढ्याशा नमुन्यातून कळू शकतं. एवढंच तिला हवं होतं. आपण जिना भरभर चढलो म्हणून गेलं का, डब्याच्या भाजीचं ओझं उचललं म्हणून, पपईची ती एक फोड खाल्ली म्हणून, की मनातून पहिल्या दिवशी भीती वाटली म्हणून? मनात हे जातं फिरत होतं आणि त्यात दळली जात होती ती स्वतःच.

डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये तिला कुंदाताई भेटली होती. कात्रपचीच, चार गेलेली, आता पन्नाशीला आलेली. अजूनही डॉक्टरांनी बोलावलं की येऊन नव्या बायकांजवळ बसायची. ती म्हणाली होती, “घरचे तुला जवळ घेतील आणि गप्प राहा म्हणतील. जवळ जा. गप्प राहू नको.”

जिना उतरताना सुजित पुटपुटला, “बाबांनी असं का केलं असेल? रिपोर्ट आला असता तर सगळं क्लिअर झालं असतं.”

बाइकवर माधवीने नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरली.

*

बाळाजी डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन खळ्यात आला तेव्हा बाइक दारात उभी होती. भाऱ्याखालून त्याला फक्त पाय दिसले. राजूचे, सुजितचे, आणि मधे माधवीचे, पायांत अजून चपला. घरात न जाता उभी होती म्हणजे. त्याला कळलं.

“बाबा, डबी कुठाय?” सुजितने विचारलं.

बाळाजीने भारा खाली टाकला. घाम पुसायला वेळ लावला.

“बाबा, मी विचारतोय!”

“दमानं घे रे, आल्या आल्या काय,” गोजरबाई वाटीत भाकरीचा तुकडा घेऊन माधवीवरून ओवाळायला पुढे झाली होती, ती तशीच थांबली. “कसली डबी?”

“तपासायची. हिच्या पोटातलं. लॅबवाला म्हणतो, बाबा दारापर्यंत आले आणि पळाले.”

पळालो नाय, असं बाळाजीला म्हणायचं होतं. चालत आलो. ती डबी हातात घेतली तेव्हा हॉस्पिटलातल्या पोराला त्याने विचारलं होतं, काय करतील रे हिचं? तो म्हणाला, तपासतील काका. रिक्षात बाळाजीने डबी रुमालात बांधून मांडीवर धरली. खड्डा आला की वरून हात ठेवला. त्याच्या हाताच्या उबेने ती कोमट झाली, आणि एकदा कोमट झाल्यावर ती डबी राहिली नाही. लॅबच्या दारात त्याने तो ट्रे बघितला. तिथे ठेवायचं? त्यांच्यात? पाय आपोआप फिरले. लहान जिवाला अग्नी नाही, मातीच द्यायची, हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि माती कुठे द्यायची हेही.

“मी मातीला दिलं,” तो म्हणाला.



“अरे देवा,” राजूने कपाळाला हात लावला. “बाबा, ती टेस्ट होती! टेस्ट! तुम्हाला एवढं पण कळू नये?”

“ओरडू नको त्यांच्यावर,” गोजरबाई मधे आली. “मातीला दिलं, त्यात वंगाळ काय केलं? बाटलीत घालून चाकू लावायचा होता का त्याला? आपलंच रगात ते.”

“आई, प्लीज,” तेजस्वी माधवीच्या बाजूला येऊन उभी राहिली. “हिला विचारलं का कुणी? मूल हिचं, आणि ठरवलं कुणी?”

“तू गप गो. तुला काय कमी पडलंय?”

“मला नाही पडलं, म्हणूनच बोलतेय. हिला बोलताही येत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला?”

पण माधवी बोलली. आवाज फार खाली होता.

“बाबा, घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, डबी दिलीत का. तुम्ही मान हलवलीत.”

“हां.”

“मी रोज वाट बघत होते. फोन वाजला की आधी लॅबचं नाव आहे का बघायचे. तुम्ही इथून भाजी घेऊन यायचात, माझ्यासमोर बसून चहा प्यायचात. एकदा तरी सांगायचं.”

बाळाजीने टोपी काढली. हातात फिरवली. “तुज्यासमोर तोंड उघडंना, पोरी. आज सांगू, उद्या सांगू...”

“मला कारण हवं होतं, बाबा. ते तुम्ही पुरलंत.”

गोजरबाईच्या हातातली वाटी कलली. भाकरीचा तुकडा खाली पडला आणि कोंबड्या धावल्या. ती नवऱ्याची बाजू धरून उभी होती. सकाळचा बाळाजी तिला आठवला. विहिरीकडं द्या. ऐनाखाली नको.

“कुटं दिली माती?” तिने विचारलं.

बाळाजीने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“मी काय इचारते? कुटं?”

“ऐनाखाली. बांधाला.”

“तितंच का?”

तो तिच्याकडे बघत नव्हता, भाऱ्याकडे बघत होता. ऐनाची ओली पानं उन्हात वळायला लागली होती.

“अहो, तितंच का?”

“आधीची तितंच हायत म्हणून,” बाळाजी म्हणाला.

राजूने सुजितकडे, मग बापाकडे पाहिलं. “आधीची? कोण आधीची?”

आई त्यांना ऐकतच नव्हती. गोजरबाई खळ्यातल्या जमिनीवर बसली, जशी भारा खाली ठेवताना बाई बसते.

“दोन्ही?” तिने विचारलं.

“दोन्ही.”

“आणि मला सांगितलं नाय.”

“आयेने नको म्हटलं होतं. बाईला जागा दाखवायची नसते, म्हणाली. बाई मग तितंच बसून ऱ्हाते.”

“आय मेली तुमची, त्याला किती साल झाली? त्याच्यानंतर कोण होतं तुमच्या तोंडावर हात ठेवायला?” गोजरबाईचा आवाज चढला नाही, फाटला. “मी त्या बांधावरून डोईवर भात घेऊन चालले. तितं बसून भाकर खाल्ली. राजू मांडीवर होता. पाय सोडून बसले होते मी, आणि तुम्ही बघत होता!”

“म्हणून तर त्या बांधाला नांगराचं टोक लागू दिलं नाय कधी,” बाळाजी म्हणाला. “सगळे बांध बारीक झाले. सगळ्यांनी कापले. तो एकच रुंद ठेवला. पाऊस सरला की दर साल माती घालतो त्याच्यावर. तू म्हणायचीस ना, येड्यासारखं एकाच बांधाला काय चिकटलाय.”

म्हणायची ती. हसून म्हणायची.

सुजित पायरीवर बसला. “आई, तुझी दोन... आम्हाला कधीच...”

“तुमाला काय सांगायचं? पोरं तुम्ही.”

“मी पोर नाही आता,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच चेहरा पोरासारखा झाला.

माधवी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मघाशी डोळ्यांत पाणी होतं, ते आता नव्हतं. ती काहीतरी जुळवत होती.

“सुजित, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दोघांचं रक्त तपासायचं. फक्त माझं नाही.”

“हो, पण आपण ठरवलं ना, आधी तो रिपोर्ट...”

“आपण नाही. तू ठरवलंस. माझ्या रक्ताच्या नळ्या भरून भरून दंड काळे-निळे झाले. तू प्रत्येक वेळी म्हणालास, रिपोर्ट येऊ दे. तो आता येणार नाही.” तिने श्वास घेतला. “त्यांनी हेही विचारलं होतं, तुझ्या आईचे गर्भ गेलेत का. कधी कधी एखादी गोष्ट आईबापांकडून मुलात येते. मुलाला स्वतःला काहीच होत नाही, तो ठणठणीत असतो. पण पुढे त्याचं मूल धरत नाही.”

“म्हणजे माझ्यामुळे?”

“मला माहीत नाही! कदाचित तुझ्यातही काही नसेल. पण विचारायचं तरी कुठे, हे आज मला पहिल्यांदा कळलंय.”

राजू काही बोलायला गेला. “अगं, पण सुजितला कशाला, तो तर...” तेजस्वीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

सुजितने पायरीवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढली, पुसली. “मला भीती वाटत होती,” तो म्हणाला. “तुझ्यात निघालं असतं तर मी तुला सांभाळलं असतं. माझ्यात निघालं तर तू काय करशील, ते कळत नव्हतं.”

“मला विचारायचं.”

त्याने मान हलवली. “उद्या सकाळी जाऊ. दुकानात सांगतो सेठला.”

माधवी वळली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की गोजरबाई खळ्यात नाही.

*

बांधावर ती ऐनाच्या बुंध्याशी बसलेली होती. बसण्याआधी तिने चपला काढल्या होत्या. फांद्या तोडलेल्या झाडाची सावली तुटकी पडली होती. वालाच्या वेलांतून दुपारचा वारा येत होता, आणि बाळाजी दूर, विहिरीपाशी उभा होता. त्याला जवळ यायला तिने हाताने मना केलं होतं.

माधवी बांधावर चढताना थबकली. कुठे पाय ठेवायचा ते तिला कळेना. एका जागी माती जरा ताजी होती, तिच्यावर तीन-चार दगड रचलेले. तिथे तिची नजर गेली आणि तिने ती तिथून काढून घेतली. तिला तिथे बसायचं नव्हतं. आज तरी नाही. त्या जागेसाठी बाळाजीला माफ करायचं की नाही हेही तिने ठरवलं नव्हतं. ती गोजरबाईच्या पलीकडच्या बाजूला बसली.

गोजरबाई गात नव्हती, नुसती म्हणत होती, पाठ म्हणावं तसं, आणि मधेच अडकत होती.

बांधावरच्या मातीला
हळू पाय देऊ बाई
तिथं निजलं गं कोणी
ज्याला नाव-गाव न्हाई

“आधी कधी सुचली नाय,” ती म्हणाली. “एवढ्या बांधल्या. ही नाय सुचली.” मग तळव्याने माती सपाट करत, “त्याला इचारलं, कोनतं कुटं. त्याला पण नक्की आठवत नाय. म्हणतो एक बुंध्याजवळ, एक जरा तिकडं. झाड तेव्हा लहान होतं म्हणे.”

“आई.”

“मी डॉक्टरणीला खोटं सांगितलं, पोरी. तुज्यामागं सांगितलं. आमच्यात असलं काय नाय. म्हंजे सगळं तुज्याच अंगावर टाकलं मी.”

माधवीला हे ऐकायचं होतं, असं तिला वाटलं होतं. ऐकल्यावर हलकं वाटलं नाही. तिने बांधावरचं एक सुकलेलं गवताचं पातं उपटलं.

“उद्या सुजितचं रक्त घेतील,” ती म्हणाली. “तुम्हीही चला. मॅडमना तुम्ही सांगा.”

“तू सांग की. तुला शिकल्यासारखं बोलता येतं.”

“मी नाही. तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं.”

“काय सांगू?”

“झालं तसं. कितव्या महिन्यात, कसं. त्या विचारतील, घाई करणार नाहीत. आणि तिथे कुंदाताई असेल तर तिच्याजवळ बसू.”

“मला नाय जमायचं. तोंडच उघडणार नाय माजं.” गोजरबाईने पदर ओठांवर धरला, आणि आपण काय केलं ते कळून तो हळूच खाली घेतला. “लाज वाटंल गो.”

“मी बाजूला बसते.”

वाऱ्याने वालाचे वेल हलले. खळ्याकडून तेजस्वीचा आवाज आला, ती राजूला काहीतरी बजावत होती, कोंबडं सोडून द्या म्हणत असावी. विहिरीपाशी बाळाजी तसाच उभा होता.

“पयली मुलगी होती,” गोजरबाई म्हणाली. “सुईन म्हणाली मला. हळू म्हणाली, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. राजूच्या आधीची. दिस भरले नव्हते, पण केस होते, म्हणाली.”

ती थांबली. तिचे खांदे आवळून आले, जणू आता कुणीतरी मागून येईल, तोंडावर हात ठेवेल. तिने वाटही पाहिली. कुणी आलं नाही.

“मग?” माधवीने विचारलं.